सारणाचं घावन

मोदकाचं सारण भरून घावन करायची रीत आमच्या घरात माझ्यामुळे आली. तीही आमच्या पेणजवळच्या जोहे गावात नव्हे, रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी नावाच्या गावातल्या एका भाड्याच्या खोलीत.

ही नव्वदनंतरची गोष्ट. पेणच्या कॉलेजातून मी बी.एस्सी. झालो होतो. माझ्याआधी आमच्या घरात कुणाला सहीसुद्धा येत नव्हती. रोह्याजवळ धाटावच्या एका रसायनांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत, मला काम लागलं. सहा महिने तात्पुरतं, नीट केलं तर पुढे कायम. जूनमध्ये मी लागलो आणि बघता बघता गणपती आले.

जोह्यात वडील गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे, आई रंगकामाला असायची. वर्षभर दुसऱ्यांचे गणपती करायचे आणि मूर्ती गावाबाहेर गेल्या की उरलेल्यांतला एक आमच्या घरी यायचा. चतुर्थीच्या सकाळी गुरुजी एवढ्या घरांना कुठून पुरणार? म्हणून चौथीत मला भराभर वाचता यायला लागलं तेव्हापासून आमच्या घरची पूजा मीच पोथीत बघून सांगायचो. वडील पाटावर बसायचे आणि मी म्हणेन तसं पाणी, गंध, फूल वाहायचे. पोटच्या पोराचं एवढं निमूटपणे ऐकताना मी त्यांना वर्षातून तेवढंच एकदा पाहायचो. बारा वर्षांत त्यात खंड पडला नव्हता.

मी सुट्टी मागितली तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, "गणपती सगळ्यांच्याच घरी असतो. तात्पुरत्या माणसाला त्या दिवशी सोडता येत नाही. न सांगता राहिलास तर तुझ्या जागी दुसरा घ्यावा लागेल."

मी जायचं ठरवलं. नोकरी काय, दुसरी मिळेल, असं मी मनाला सांगत होतो. ही मिळायला किती महिने गेले होते, ते मात्र सांगत नव्हतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी कामावरून येताना मी रोह्याच्या एसटी स्टँडवर गेलो. पेणहून येणाऱ्या गाडीचा कंडक्टर आमच्या शेजारच्या गावचा. आई त्याच्याकडे अधूनमधून डबा द्यायची. सुट्टी मिळाली नाही, तरी येतोच, हेही मी त्याच्याच हाती आईला कळवलं होतं. मला बघून त्याने सीटखालून स्टीलचा डबा काढला.

"घ्या साहेब. वडखळपासून नुसता वास घेतोय. उघडला नाय, शपथ." मग गंभीर होऊन म्हणाला, "आणि निरोप हाय. तुमच्या आयशीने माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलाय. देवाचा वाटा आधी बाजूला काढलाय, हा तुझा. सकाळी खाऊन कामावर जायचं. पोथी शेजारची सून वाचंल. बास, एवढंच."

डब्यात मोदकाचं सारण होतं. मोदक रात्रभर टिकणार नाहीत म्हणून तिने नुसतं सारणच पाठवलं होतं, आणि तेही नेहमीपेक्षा जास्त परतून, कोरडं करून.

इथे एक सांगायला हवं. नैवेद्य दाखवण्याआधी सारणाचा कण कुणाच्या तोंडात गेलेला आईला चालत नसे. गोड कमी की जास्त, हे ती स्वतःसुद्धा वासावरून ठरवायची. लहानपणी एकदा मी कढईला लागलेलं खरवडून खाल्लं, तर तिने ते सगळं सारण शेजारी देऊन टाकलं आणि नवा नारळ फोडला. त्या बाईने हरतालिकेचा उपास पोटात घेऊन माझ्यासाठी देवाच्या आधी सारण पाठवलं होतं. डबा हँडलला अडकवून, सायकल हातात धरून मी पुलावरून चालत आलो. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं होतं. पण पाटावर बसलेले वडील डोळ्यांसमोरून हलत नव्हते. खोलीवर येऊन मी पिशवी भरलीच.

सकाळी पहिल्या गाडीसाठी निघालो तर घरमालकीण अंगणात नळावर होती. मी तिला चाची म्हणायचो. तिचा मुलगा दुबईला होता.

"पिशवी घेऊन कुठं रे? तुझी तर पहिली शिफ्ट हाय ना?"

मी सगळं सांगितलं, निरोपासकट. तिने बादली खाली ठेवली.

"माझा पोरगा चार ईदा झाल्या, तिकडेच हाय. मी सांगते, काम सोडून येऊ नको, तर ऐकतो. दुबईत बसून ऐकतो. तुला पेणवरून ऐकू येत नाय?"

मी पिशवी खांद्याला लावली. ती म्हणाली, "आयशीने खाऊन जा म्हटलंय. निदान खा तरी. मग कुठं जायचं तिकडं जा."

मी स्टोव्ह पेटवून उकड काढायला बसलो. पाण्याचा अंदाज चुकला. उकड भेगा पडलेल्या मातीसारखी फुटत होती. चाची दारात उभी राहून बघत होती.

"कॉलेजात हे नाय शिकवलं वाटतं. ठेव ते. माझं घावनाचं पीठ भिजलेलं हाय."

तिने तिचा बिडाचा तवा आणला. आणण्याआधी तो राखेने दोनदा घासला, कारण काल त्यावर अंडं झालं होतं. रोज ती अर्ध्या कांद्याने तव्याला तेल लावायची. त्या दिवशी तिने नारळाची शेंडी घेतली.

"कांदा आज नको. तुझा देव रुसायचा आणि नाव माझं."

ताकासारखं पातळ पीठ तव्यावर पडलं, चरचरलं, जाळी धरली. मी अर्ध्या भागावर सारण पसरलं आणि तिने उलथन्याने दुसरा अर्धा त्यावर दुमडला. कडेने गूळ ओघळून तव्यावर करपला. मी देवाच्या दिशेने हात जोडले, म्हणजे जोहे जिकडे असेल असं वाटलं तिकडे, आणि खाल्लं. एक चाचीला दिलं. तिसरं खाताना लक्षात आलं की पेणची गाडी सुटण्याची वेळ होऊन गेली आहे आणि शिफ्टला अजून वीस मिनिटं आहेत. पिशवी तिथेच टाकून मी सायकल काढली.

दोन दिवसांनी साप्ताहिक सुट्टीला घरी गेलो. आमचा गणपती पाच दिवसांचा. मी पायांवर पाणी घेत होतो तोच आईने विचारलं, "कामावर गेला व्हतास ना?"

"व्हय."

मग तिने श्वास सोडला आणि सारण कसं खाल्लं ते विचारलं. मी सांगितलं. तिला हसू आलं, पण तेवढ्यात ओटीवरून वडिलांचा आवाज आला.

"चतुर्थीच्या सकाळी? म्हणजे नैवेद्याआधी?" त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

"मी दिलं काढून," आई म्हणाली. "देव बोलंल तर मला बोलंल. हा घरी आला असता तर कंपनी याला बोलली असती."

वडील आत येऊन गणपतीपुढची फुलं सारखी करू लागले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती सून वाचते नीट. पण घाई करते. फूल वाहायला उसंत देत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने उरलेल्या सारणाची घावनं केली. वडिलांनी तीन खाल्ली आणि विचारलं, "तुझी परत जायची गाडी कितीची? उशीर करू नको."