पोर्तुगीज खुर्चीवर बंदी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या तमिळ आजोबांइतका शब्दांचा छळ या पृथ्वीवर दुसऱ्या कोणी केला नसेल. मूळचे तंजावरचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनिअर. मुलांनो, मी इथे जर्मनीत वाल्डॉर्फला तुमच्या आत्याकडे राहते, तसे ते मुलाकडे. माणूस लाख चांगला. माझी भाजीची पिशवी न सांगता वर आणून देतात. मात्र पायरीपायरीवर थांबून एकेका भाजीच्या नावाचं मूळ सांगतात. एकदा मी दार उघडत होते, तर खालून ओरडले, "मॅडम, 'चावी' पोर्तुगीज आहे! तुमचीही आणि आमचीही!" जणू आम्हा दोघांना मिळून इस्टेट मिळाली होती. कोशिंबीर वाढली तर म्हणाले, "ही तुमच्या मराठ्यांनी आमच्या तंजावरात आणली. आम्ही कोसुमल्ली म्हणतो." आणि पुन्हा वाडगं पुढे केलं.

परक्यांशी इतका उदार माणूस घरात जमादार होतो, याचा मला भयंकर संताप येतो. त्यांची सून श्रीलंकेतल्या जाफनाकडच्या तमिळ कुटुंबातली, जर्मनीतच वाढलेली. तिच्याकडे खुर्चीला 'कदिरै' म्हणतात. हाही शब्द पोर्तुगीजच, पण याला बंदी! छोटी नात 'कदिरै' म्हणाली की आजोबा गरजतात, "नार्काली म्हण! चार पायांची ती नार्काली!" पावाला 'पाण' म्हटलेलंही नामंजूर. पोरगी हुशार. तिने वाद घातला नाही, आजोबांशी तमिळ बोलणंच बंद केलं. काहीही विचारा, उत्तर जर्मनमध्ये, "या, ओपा" नाहीतर "नाइन, ओपा", म्हणजे 'हो, आजोबा' नाहीतर 'नाही, आजोबा'. आणि हे गृहस्थ मलाच जिन्यात गाठून विचारतात, "मॅडम, ही माझ्याशी तमिळ का बोलत नाही हो?" अहो, तिला तोंड उघडू द्याल तेव्हा बोलेल ना!

रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. पुन्हा तीच गर्जना झाली आणि मला राहवलं नाही. "तुमची चावी चालते, मग हिच्या खुर्चीनेच काय घोडं मारलंय?"

डोसा वाढता वाढता सून शांतपणे म्हणाली, "मामा, चावीला आम्ही 'तिरप्पू' म्हणतो. उघडते ती तिरप्पू. अस्सल तमिळ."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "तिरप्पू," ते पुटपुटले. "तिरप्पू..." मग फार बारीक आवाजात, "चांगला शब्द आहे."

जेवण झाल्यावर नात बाल्कनीत चित्र रंगवत बसली होती. आजोबा तिच्याजवळ गेले, हात पाठीमागे घट्ट बांधून. चित्रातल्या एकेका गोष्टीकडे हनुवटीने खूण करत विचारू लागले, आई याला काय म्हणते? पोरीने आधी संशयाने पाहिलं. मग एक शब्द सांगितला. आजोबांनी तो दुरुस्त केला नाही. मग दुसरा सांगितला, मग थांबेचना. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी मी दाराशी उभी राहून ऐकत होते. मुलांनो, तुमचे आवाज ऐकून किती दिवस झाले.