एका वेळी एकाच घरी

प्रकाशा गावच्या प्रमिलाबाईंचं पुस्तक त्यांच्या घरी फार दिवस थांबत नसे. शाळेत शिकवत होत्या तेव्हापासूनचा शिरस्ता: शहाद्याहून आणायचं, वाचायचं आणि लगेच दोन घरं पलीकडच्या तुळशीबाईंना नेऊन द्यायचं. यंदा तुळशीबाई खुब्याच्या ऑपरेशनमुळे खाटेवर पडून, आणि नेमकं यंदाच पुस्तक निघालं फोनातलं. नर्मदाकाठच्या एका बाईचं आत्मचरित्र. कागदावर छापलंच नव्हतं, पैसे भरून फोनातच घ्यावं लागलं.

प्रमिलाबाईंनी ते तुळशीबाईंच्या फोनवर पाठवून पाहिलं. जाईना.

"आई, त्याला कुलूप असतं," सून रुचिका भाकरी थापता थापता म्हणाली. "तुमच्याच खात्यावर उघडणार."

"मंग ते मन्हं शे का नही?"

"वाचण्यापुरतं तुमचं."

"हाई पुस्तक शे का भाडानं घर?"

रुचिका हसली. "माझ्या भावाला सांगते, कुलूप तोडून देईल. मग वाटा सगळ्या गावाला."

प्रमिलाबाईंच्या तोंडाशी 'सांग' आलंच होतं. तुळशीबाईंचा सकाळीच निरोप होता: छत देखी देखी कटाळनू, पुस्तक धाड. पण सगळ्या गावाला?

"गावले वाटाले ते काय विरजण शे?"

"विरजणच की. दिलं तरी आपलं दही तसंच."

"विरजण आपला दूधनं ऱ्हास, बेटा. हाई दूध त्या लिखनारी बाईनं शे."

"म्हणजे कुलूप बरोबर?"

"ते बी चुकीचंच. तुळशीले वाचू नही देनं, हाऊ कोनता न्याय?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. इतकी वर्षं आपण पुस्तक देत आलो, तर ते देणं चोरी का ठरलं नाही? तुळशीच्या हातात गेलं की आपला हात रिकामा व्हायचा, म्हणून. मग त्या उठल्या, फोन आणि चार्जर टॉवेलात गुंडाळला आणि तुळशीबाईंच्या उशाशी नेऊन ठेवला.

"आठ दिन ठेव."

"फोनच दी ऱ्हायनी? आनि तुन्हा योगेंद्रना फोन उना ते?"

"तू बोल. तुले मावशीच म्हनस ना तो."

तिसऱ्या दिवशी सुरतेला असलेल्या मुलाने, योगेंद्रने, रुचिकाच्या फोनवर तक्रार केली. "आईला फोन लावला तर तुळशीमावशी बोलते. बरं, बोलतही नाही. दहावं प्रकरण चालू आहे म्हणते आणि ठेवते."

प्रमिलाबाई हसल्या. पण पुस्तकाबद्दल बोलायला त्यांचीही जीभ वळवळत होतीच. रुचिकाच्या फोनवरून त्यांनी स्वतःचाच नंबर लावला.

"तुळशी, पुस्तक मा कोठलोंग उनी?"

"ती बाई आत्तेच नर्मदानी नाव मा बसनी व्हती, आनि तुन्हा फोन उना. पान दडी गयं. ठेव बरं."

प्रमिलाबाईंनी निमूट ठेवला.