बोटाला चटका बसेल एवढं पाणी

मॅनेजर रोज सकाळी धुवायच्या मशीनमध्ये बोट बुडवायचा. पाणी कोमट लागलं की मशीनवाल्याच्या कानाखाली. हात ओला असायचा, त्यामुळे आवाज मोठा यायचा.

हे दोह्यातल्या नजमा भागातल्या लाँड्रीतलं. मी तिथे मागच्या खोलीत बटणं लावते, उसवलेलं शिवते. राहते मुलीकडे, जवळच्या बिन महमूद भागात. ती हॉस्पिटलात कामाला. मशीनवाला साताऱ्याकडचा, चाळिशीचा, बायकोपोरं गावाला. मला मावशी म्हणायचा. मार खाऊन आला की माझ्याजवळ बसून चहा प्यायचा आणि बोलायचा, "मावशी, आज डाव्या बाजूला लागली. उजवीकडचा कान उद्यासाठी ठेवलाय."

माराचं मला नवल नाय. नवऱ्याने माझे दोन दात पाडले, एकदा पाटा उचलून पाठीत घातला. तो गेला तेव्हा मी रडले नाय. पण दुसऱ्याला मारताना बघायचं, ते मला जमत नाय.

ड्रायक्लीनचे कपडे पाण्यात धुवत नायत, औषधात धुतात. ते औषध कपड्यातला तेलकटपणा ओढून घेतं आणि काळं पडतं. मग ते मागच्या बंद टाकीत उकळायचं. त्याची वाफ नळीच्या वेटोळ्यात जाते, वेटोळ्याभोवती गार पाणी वाहतं, वाफेचं परत स्वच्छ औषध होतं. घाण टाकीच्या तळाला डांबरासारखी राहते. भोवतालचं पाणी मात्र तापून बाहेर पडतं. आधी ते गटारात जायचं. मॅनेजर बोलला, फुकटची गरमी कशाला सोडायची? पाइप फिरवला आणि ते पाणी धुवायच्या मशीनला जोडलं. अक्कल चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण त्याला पाणी बोटाला चटका बसेल एवढं हवं. नायतर हीटर लावावा लागायचा, आणि हीटर लावला की मार.

थंडीच्या दिवसांत एकदा त्याने लोखंडी हँगरने मारलं. मशीनवाल्याचा ओठ फाटला. रक्त गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या थोबवर, अरबी लोकांच्या लांब झग्यावर पडलं, म्हणून परत मारलं. तो थोब मीच धुतला, मिठाच्या पाण्यात.

दुसऱ्या दिवशी मशीनवाला कपडे बदलायला गेला तेव्हा मी वेटोळ्याच्या पाण्याचा नळ थोडा बारीक केला. धार बारीक असली की पाणी जास्त तापून येतं, एवढं मला कळत होतं. मॅनेजरने बोट बुडवलं आणि झटकन काढलं. "शाबास," बोलला. त्या दिवसापासून मी रोज तसं करायची. मशीनवाल्याला सांगितलं नाय. सांगितलं असतं तर त्याने नळाला हात लावू दिला नसता. तीन-चार महिने कोणी मार खाल्ला नाय. मला आतून बरं वाटायचं.

मग उन्हाळा आला. दोह्यात उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेववत नाय. घरी आम्ही मे महिन्यातच गीझर बंद करतो आणि आंघोळीला पाणी गीझरमधूनच घेतो, कारण तो घरात असतो, त्यातलं गार असतं. गार पाण्याचा नळ सोडला तर भाजतं. हे मी रोज घरी करत होते. लाँड्रीत मात्र हात सवयीने गेला आणि नळ बारीक केला. गच्चीवरून आधीच तापून आलेलं पाणी, त्यात बारीक धार. वाफ गार कशाने होणार?

अकराच्या सुमाराला वाफ आत कोंडून टाकीच्या झाकणाचं रबर फाटलं. उकळतं औषध मशीनवाल्याच्या मानेवर, खांद्यावर उडालं. तो ओरडला आणि पडला. ती वाफ गोडसर वासाची, जड, जमिनीलगत बसते. उभ्या माणसाला चक्कर येते, पडलेल्याचा जीव जातो. मॅनेजर नाकाला रुमाल लावून आला आणि त्याच्या बरगडीत लाथ घातली. "उठ! नाटक मत कर!" दुसरी घातली. मशीनवाल्याचं डोकं टाकीच्या पायावर आपटलं.

माझ्या हाताशी बाह्या इस्त्री करायची लाकडी फळी होती. ती मी मॅनेजरच्या गुडघ्यावर घातली. तो बसला. मी मशीनवाल्याला कॉलर धरून रस्त्यावर ओढत नेलं. कॉलरबरोबर मानेची साल आली. मी थांबले नाय.

तो जगला. चौथ्या दिवशी मालक आला. मॅनेजर लंगडत उभा राहिला आणि बोलला, "नळ अर्धा बंद होता साहेब, याचीच लापरवाही." मालक मशीनवाल्याकडे न बघताच बोलला, "खलास. गाव भेजो."

मशीनवाला मानेला पट्टी बांधून बसला होता. "मी पूर्ण उघडला होता," बोलला. मग हळू बोलला, "उघडला होता बहुतेक." त्याचा स्वतःवरच भरवसा उडाला होता. ते मला बघवलं नाय.

"नळ मी बारीक केला," मी हिंदीत बोलली. "रोज करत होते. हा मॅनेजर बोट बुडवून याला मारतो म्हणून."

कोणी काय बोलायच्या आधी मशीनवाला उठला आणि माझ्या थोबाडीत मारली. चष्मा उडाला. मॅनेजर हसला. मालकाने मशीनवाल्याचा हात धरला.

मी बोलली, "अजून एक मार. पण आधी साहेबांना सांग, नळ तू पूर्ण उघडला होतास."

त्याने सांगितलं. या वेळी "बहुतेक" बोलला नाय.

मालकाने मॅनेजरला दुसऱ्या दुकानात पाठवलं. तिथेही बोट बुडवत असेल. आम्हा दोघांना ठेवलं. पाणी गार करायचं यंत्र बसलं. पाणी आता पूर्ण धारेने वेटोळ्यातून जातं आणि जेवढं तापतं तेवढंच धुवायला घेतात, उरलेलं हीटर करतो.

मशीनवाला मला आता मावशी म्हणत नाय. चहालाही येत नाय. पण रोज सकाळी टाकी तापवायच्या आधी दारात येऊन उभा राहतो. "ओ बाई, चला." मी सुई खोवून उठते. तो वेटोळ्यात पाणी नेणाऱ्या पाइपकडे बोट करतो. मी पाइपवर तळहात ठेवते, मनात वीस मोजते.

"गार आहे," मी बोलते.

मगच तो टाकी तापवायला घेतो.