डिझाइनकाकांचा डबा

एकदा विकत घेतलेली वस्तू मरेपर्यंत आपलीच, यावर देवापेक्षाही जास्त श्रद्धा असलेला माणूस साऱ्या सोलापुरात एकच असेल, आणि तो आमच्या बाबांचा मित्र होता. मागावर विणायच्या चादरींची नक्षी ते काढत, म्हणून आम्ही त्यांना डिझाइनकाका म्हणायचो. नक्षी काढायचं सॉफ्टवेअर त्यांनी पुण्याहून आणलं तेव्हा पुठ्ठ्याचा भलामोठा डबा मांडीवर घेऊन ते एसटीत बसले होते, आणि मोहोळला चहालासुद्धा उतरले नाहीत. डब्यात एक सीडी आणि विटेएवढं माहितीपुस्तक. त्या पुस्तकाचं त्यांनी पोथीसारखं पारायण केलं. इंग्रजी फारसं कळत नसल्यामुळे दोनदा केलं. सीडी पुसायला काकूंच्या इरकलीचा पदरच लागे, तोही काकूंनी नेसलेला असताना. दसऱ्याला डब्यावर झेंडूची माळ चढे. घरात तेलुगू, बाहेर मराठी. संगणकाला मात्र शिव्या तेलुगूत आणि विनवण्या मराठीत. एकदा मी सीडी हातात मागितली. "तुज्या बोटाला भज्याचं तेल हाय," ते म्हणाले. मी भजी खाल्लीच नव्हती, तरी हात धुऊन आलो.

वीसेक वर्षं अशी गेली. मग एका वळवाच्या दुपारी वीज पडली आणि संगणक जळाला. काकांना त्याचं काही वाटलं नाही. सगळ्या नक्ष्यांच्या प्रती त्यांनी वेगळ्या जपल्या होत्या, आणि सीडी तर होतीच. पण नव्या संगणकाला सीडीची जागाच नव्हती. सीडी वाचायचं यंत्र बाहेरून जोडलं, तर सॉफ्टवेअर कंपनीची परवानगी मागू लागलं. काकांनी मला कंपनीला फोन लावायला बसवलं. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "काका, डब्यातलं आम्ही बंद केलंय. आता सगळं इंटरनेटवर. वर्गणी भरा, कधीही, कुठूनही वापरा."

"माजी जुनी नक्षी उघडंल की?"

"जुन्या फाइल्स त्यात चालत नाहीत, काका."

"कदीबी म्हनता, आन् कालचं उघडत न्हाय व्हय!" त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

नव्या सेवेतही त्यांनी महिनाभर डोकं घातलं. पण दर आठवड्याला बटणं जागा बदलायची. "आपल्याच सैपाकघरात कुनीतरी येऊन भांडी हलवून जातंय," असं म्हणून त्यांनी ते सोडलं. आणि मग भिंग घेऊन ते ओळखीच्या घरोघर फिरू लागले. कोणाकडे त्यांच्या नक्षीची जुनी चादर असली की ती पसरायची, धागे मोजायचे आणि चौकटीच्या कागदावर एकेक टिंब उतरवायचं. लोक हसत. "जल्मभर नक्षी काढली," ते मला म्हणाले, "आन् दावायला एक बी न्हाय माज्याकडं."

आमच्याकडे आले ते बाबा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. बाबांनी जिच्यावर शेवटचं आजारपण काढलं ती चादर आईने आणून दिली. काका जमिनीवर पालथे झाले. काठ उतरला, कोपऱ्यातल्या वेली उतरल्या. मधोमध मात्र चादर पार विरली होती. बाबांची पाठ टेकायची तिथे नुसतं पांढरं सूत. काकांनी भिंग बराच वेळ तिथेच धरलं.

"हितं काय हुतं रे?"

मला आठवेना. आईलाही सांगता येईना.

"त्याला ठावं असतं," ते हळूच म्हणाले. तेवढ्या चौकटी त्यांनी कोऱ्याच ठेवल्या, कागद खिशात घातला आणि चादरीची घडी आईच्या हातात देताना तिच्यावरून एकदा हात फिरवला.