ग्रेस दारातून आत गेली

सुमे, जवळ ये बघू. रस्त्यावरूनच खिडकीतून ‘आजी, बरी ना?’ विचारतेस नि पळतेस, ही काय रीत झाली?

खिडकी दिसली की मला आमची झांबियातली शेजारीण ग्रेस आठवते. यांच्या मास्तरकीपायी आम्ही तिकडे राहायचो. ती सांगायची, इंग्रजांच्या राज्यात काळ्या माणसांना दुकानात शिरू देत नसत; भिंतीतल्या झरोक्यातून देतील ते मटण मुकाट्याने घ्यायचं. देश स्वतंत्र झाला, तशी ग्रेस नटूनथटून दारातून आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली.

दुकानदार म्हणाला, “बाई, हवंय काय?”

“काही नाही हो, आत येऊन बघतेय!”

झेंडा, गाणी असतातच गं, पण स्वातंत्र्य आधी पायांना कळतं.

तेव्हा लवकर ये, आणि दारातून ये. खिडकीतून चहा मिळणार नाही!