नामदेवकाकांचं अप्रेझल

एचआरच्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठत जातात. चाकणच्या कंपनीत मी सोळा वर्षं काढली. तिथले किस्से मी लग्नकार्यात अगदी रंगवून सांगते, कारण त्यात फजिती दुसऱ्यांची असते. पण कुरुळीच्या पुढे एका संस्थेचं वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे, तिथे मी एचआर हेड म्हणून गेले आणि तेव्हापासूनच्या प्रत्येक किश्शात मूर्ख मीच आहे. हे मी सांगवीत आमच्या बिल्डिंगमध्येसुद्धा कुणाला सांगत नाही. तुम्ही आपले म्हणून सांगते.

*

गेल्या गेल्या मी काय केलं, तर गेटवर हजेरीचं मशीन बसवलं. अंगठा लावा, आत जा. एक तारखेला रिपोर्ट काढला, तर नामदेवकाका महिनाभर गैरहजर.

नामदेवकाका म्हणजे आमचे सगळ्यात जुने कीपर, म्हणजे प्राण्यांना खाऊ घालणारे, पिंजरे धुणारे. कुरुळीचेच. मी त्यांना कडक भाषेत नोटीस पाठवली. ते नोटीस घेऊन आले आणि हात पुढे केला. कोल्ह्यापासून माकडापर्यंत सगळ्यांनी चावून त्या अंगठ्यावर रेघ म्हणून उरली नव्हती.

"काका, मशीन चालत नाही हे सांगायचं ना मला."

"मशीनच रोज वरडून सांगत हुती. म्हटलं, तुमाला ठावं आसंल."

महिनाभर माणूस रोज आला होता आणि मी त्याला नोटीस दिली होती. मला वाटलं, यापेक्षा जास्त लाज काय वाटणार. अजून बरंच बाकी होतं.

*

मग भरती निघाली. मी जाहिरातीत लिहिलं, 'प्राण्यांवर मनापासून प्रेम करणारे उमेदवार हवेत.' चिखलीहून एक गृहस्थ आले. घरी चार कुत्री, दोन पोपट, मांजरांना रोज दूध. दहा मिनिटं प्रेमावर बोलले. मी तर भारावून गेले.

आमच्या डॉक्टर अस्मा शेख शेजारी बसल्या होत्या, आणि त्यांच्या आग्रहावरून काकाही. मी म्हटलं, "काका, तुम्हाला काही विचारायचंय?"

काकांनी एकच विचारलं, "तुमाला गप ऱ्हाता येतं का?"

गृहस्थांनी गप्प राहण्याचं महत्त्व पाच मिनिटं समजावून सांगितलं. डॉक्टरांनी त्यांच्या नावावर काट मारली. मी मनात म्हटलं, किती कोरडी माणसं आहेत ही. तेव्हाच विचारलं असतं की का काट मारली, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण विचारायला कमीपणा वाटला, एचआर हेड ना मी.

*

आता मुख्य गोष्ट. काका सात वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होते. त्यांच्या बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन अडलं होतं. कुरुळीत त्यांच्या घरी गेले होते मी एकदा, मावशी भिंत धरून चालत होत्या. काका परमनंट झाले की घरच्यांना मेडिक्लेम लागू, की लगेच ऑपरेशन. ट्रस्टचा होकार होता. फक्त मी करायचं त्यांचं अप्रेझल, म्हणजे कामाचं मूल्यमापन, बाकी होतं.

कंपनीतला फॉर्म माझ्याकडे तयारच होता. त्यात 'ग्राहकांशी संबंध' असा रकाना होता, तो खोडून मी 'प्राण्यांशी नातं' असं केलं आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश झाले. नियमही मीच घातला, कुठल्याही रकान्यात तीनपेक्षा कमी असेल तर परमनंट नाही.

तेव्हा ऊसतोडीत सापडलेली रानमांजराची तीन पिल्लं केंद्रात होती. आई परत आलीच नव्हती. दोन काकांकडे, एक संगीताकडे. संगीता बीडची, नवरा चाकणला शिफ्टमध्ये, तिला कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. मी खुर्ची टाकून, पॅड घेऊन बसले. संगीता आत गेली, तर पिल्लू धावत येऊन थेट मांडीवर.

"मॅडम, मांडीवरून उठंना झालंय बघा," ती म्हणाली.

मग काका गेले. तोंडावर गोणपाट ओढलेलं, तोंडातून शब्द नाही. दोन्ही पिल्लं फिस्कारली, अंग फुगवलं आणि कोपऱ्यात जाऊन दडली. काकांनी मांस ठेवलं, पाणी बदललं, निघून आले. वळूनही बघितलं नाही.

मी लिहिलं, संगीता पाच, नामदेव एक. शेरा: 'प्राणी घाबरतात. स्वभावात गोडवा आणावा.' इतकंच नाही, पिल्लू मांडीवर घेतलेला संगीताचा फोटो मोठा करून ऑफिसात लावला, खाली 'या महिन्याची आदर्श कर्मचारी'. आधी ती बिचारी त्याला चोरून कुरवाळायची. फोटो लागल्यावर दिवसभर कडेवर घेऊन फिरायला लागली.

*

काकांना मी माझ्याच ट्रेनिंगला बसवलं. विषय, आपुलकीने संवाद कसा साधावा. काका पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर. मी म्हटलं, "काका, मी पिल्लू आहे असं समजा. माझ्याशी प्रेमाने बोला."

काकांनी माझ्याकडे बघितलं, उठले आणि बाहेर गेले. मी त्यांच्या फॉर्मवर 'सहकार्य नाही' असंही लिहिलं. डॉक्टर नंतर म्हणाल्या, "मॅडम, त्यांनी बरोबर उत्तर दिलं तुम्हाला." तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

*

पडला तो पिल्लं सोडायची वेळ आली तेव्हा. त्याआधी एक चाचणी असते, अनोळखी माणसाने पिंजऱ्यात जायचं. डॉक्टरांनी मलाच पाठवलं. काकांची दोन्ही पिल्लं मला बघताच अशी पसार झाली की शेपटीसुद्धा दिसेना. संगीताचं पिल्लू धावत आलं आणि माझ्या पायाला अंग घासायला लागलं.

"अय्या, किती गोड!"

डॉक्टर जाळीपलीकडून म्हणाल्या, "हे आता जन्मभर पिंजऱ्यात."

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. माणसाला न भिणारं रानमांजर शेतात सोडलं तर ते थेट वस्तीत जातं, आणि तिथे कुत्री तरी फाडतात नाहीतर लोक मारतात. म्हणून इथे माणूस आवडू द्यायचाच नाही. आवाज नाही, तोंड दाखवायचं नाही, हात लावायचा नाही. पिल्लू फिस्कारलं की काम नीट झालं. "काकांनी वाढवलेलं एकही जनावर आजवर परत आलेलं नाही," त्या म्हणाल्या.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ऑफिसात गेले आणि आधी तो फोटो उतरवला. संगीता दारात रडत उभी होती. तिला काय सांगणार, चूक माझी होती.

*

काकांची दोन्ही पिल्लं सुटली. तिसरं काकांच्याच ताब्यात आलं. ते रोज गोणपाट घालून आत जायचे, पत्र्याचा डबा बडवायचे, त्याला माणसाची भीती बसावी म्हणून.

मी ट्रस्टला चार पानी मेल लिहिली. माझा फॉर्म चुकला, काकांचे मार्क बदला. अध्यक्ष म्हणजे भोसरीत मोठं वर्कशॉप चालवलेले गृहस्थ. म्हणाले, "असे मार्क बदलता येत नाहीत. मी स्वतः येऊन बघतो." आले, मी टाकलेल्या खुर्चीवर बसले. मेल त्यांनी वाचलीच नव्हती.

काका आत गेले. तोंडावर गोणपाट, हातात डबा. एकदा बडवला, दोनदा बडवला. पिल्लू उठलं, आळस दिला आणि काकांच्या पायाशी येऊन लोळायला लागलं. काकांनी तिसऱ्यांदा डबा वाजवला, तर ते डब्याशीच खेळायला लागलं.

"वा, वा," अध्यक्ष म्हणाले. "याला म्हणतात माया. आणि तुम्ही या माणसाला एक दिलात?"

त्यांनी स्वतःच्या पेनने एक खोडला, पाच लिहिले आणि खाली सही केली. मला बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि मावशी डोळ्यांसमोर आल्या, भिंत धरून चालणाऱ्या. मी गप्प बसले.

काका बाहेर आले. अध्यक्षांनी फॉर्म त्यांच्यापुढे धरला. काकांनी आकडा बघितला आणि मान खाली घातली.

"म्याडम, आदीचा एक बरा हुता. त्योच ऱ्हाऊ द्या."

"काका, मावशींचं ऑपरेशन आहे," मी म्हटलं.

काकांनी अध्यक्षांचं पेन घेतलं. मग त्यांनी सही केली, फॉर्म माझ्याकडे दिला आणि अध्यक्षांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"पाच मिळालं ते तेवढं डाक्टरबाईला सांगू नगा."