उन्हाळ्यातली वाट

गळ्यात माळ घातली ती बायकोच्या हट्टापायी, तंबाखू सुटावी म्हणून. तंबाखू काही सुटली नाही, उलट लोक साक्षीला बोलवायला लागले. आमच्या सोनपेठकडच्या गावांत माळकरी खोटं बोलत नाही असं धरूनच चालतात. एसटीत कंडक्टर होतो तेव्हा माझ्या शब्दावर डेपोतलं कुत्रंही विश्वास ठेवत नव्हतं. आता मात्र कुणाची शेळी कुणाच्या वावरात शिरली हे सांगायला मला सकाळच्या चहाआधी उठवतात. चिडचिड होते, पण आतून थोडं बरंही वाटतं.

गेल्या वैशाखात मागच्या आळीतली एक सून घरी आली. ती आणि तिचा नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. यंदा परतली तर शेताला जायला वाटच नव्हती. तिचं शेत आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये दुसऱ्याचं वावर आहे, बाकी तिन्ही बाजूंना ओढ्याचं वळण. त्याच्या विहिरीला पाणी लागलं आणि हिवाळ्यातच त्यानं या बांधापासून त्या बांधापर्यंत ऊस लावून टाकला होता.

"मामा, आमचं ट्रॅक्टर तिथूनच जात होतं का न्हाई? तुमी पाह्यलंय. देवळात साक्षीला तेवढं सांगा," ती म्हणाली. "नांगरटच झाली न्हाई तर पेरावं काय?"

पाहिलं होतंच. माझी जमीन रस्त्याच्या अलीकडे आहे. मी म्हणालो, पाहिलंय.

संध्याकाळी तो ऊसवाला आला. खाटेवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "काका, माझ्या पेरल्या वावरातून कुणाची गाडी गेल्याली कधी पाह्यली का? माळेला हात लावून सांगा."

मी म्हणालो, नाही पाहिली. खरंच पाहिली नव्हती.

दोघंही समाधानानं गेले. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तुमी दोघांलाबी हो म्हणलात की!" तेव्हा कुठं मला घाम फुटला. आमच्याकडे पीक निघालं की सगळी रानं मोकळी होतात. मग गाडी, ट्रॅक्टर, गुरं, ज्याला जिथून सोयीचं तिथून जातं, आणि कुणी कुणाला अडवत नाही. पाऊस पडून पेरणी झाली की ती वाट जागेवरून नाहीशी होते, मग माणसं बांधाबांधानं पायी जातात. त्या वावरात आजवर ज्वारी, सोयाबीन असायची, म्हणून उन्हाळ्यात वाट उघडायची. ऊस तर बाराही महिने उभा. आता ती वाट होती म्हणायची की नव्हती? जन्मभर मी तिकीट आहे की नाही एवढंच विचारत आलो, आणि बसमधल्या कुणीही मला उन्हाळ्यात आहे, पावसाळ्यात नाही असं सांगितलं नव्हतं.

गावातल्या हरिनाम सप्ताहाला आलेल्या महाराजांना गाठलं. ते म्हणाले, साक्षीदार म्हणजे देवाचा डोळा. पाहिलं त्यात तीळभर घालू नये, तीळभर लपवू नये, पुढचं देवावर सोडावं. मला पटलं. घरी येईपर्यंत वडील आठवले. तेही माळकरी होते. ते म्हणायचे, ज्या खऱ्यानं गरिबाच्या ताटातली भाकर जाते, त्याला खरं म्हणू नये. मला तेही पटलं. दोन्ही शिकवणी एकाच माळेच्या, आणि मी मध्ये. नुसतं 'वाट होती' म्हणून मोकळं व्हावं असंही मनात आलं. पण मग देवासमोर निम्मं लपवल्यासारखं झालं असतं. त्या आठवड्यात मी विनाकारण बायकोवर दोनदा ओरडलो.

सोमवारी महादेवाच्या देवळात सगळे जमले. आमच्याकडे अशी साक्ष पिंडीवरचं बेलाचं पान हातात घेऊन देतात. साक्ष झाली की दोन्ही बाजूंनी साक्षीदाराच्या पाया पडायचं, आणि मग तो विषय गावात कुणीच काढायचा नाही. मी बेल उचलला.

गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आजोबांनी विचारलं, "तिथं वाट होती का न्हवती?"

"उन्हाळ्यात होती. पेरलं की न्हवती," मी म्हणालो.

मला वाटलं, दोघांनाही न्याय दिला. ती सून तर हलकंसं हसलीसुद्धा.

ऊसवाला शांतपणे म्हणाला, "मी कुठं न्हाई म्हणालोय? उन्हाळ्यात समदं गाव मोकळ्या रानातून जातंय. त्याला वाट म्हणलं तर तुमच्याबी वावरात वाट हाय, ह्यांच्याबी वावरात हाय. मग कुणीच ऊस लावू नये का?"

जो तो आपापलं वावर डोळ्यांपुढं आणत असणार, मीसुद्धा आणलं. त्याचं म्हणणं मला खोडता येईना. आजोबा म्हणाले, "पेरल्यावर ऱ्हाती तीच वाट. साक्षीत तसंच आलंय." मी म्हणालो, अहो, पण तिनं जायचं कुठून? ते म्हणाले, "साक्षीदारानं सांगायचं आसतंय, इचारायचं नसतंय."

मग ऊसवाला माझ्या पाया पडला. त्याच्यामागून ती आली. पदर डोक्यावर घेऊन तिनं माझ्या पायांवर दोन्ही हात टेकवले आणि हळूच म्हणाली, "खरंच बोललात, मामा." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मला रडू आलं आणि रागही आला. देवाचा, गावाचा की माझा, ते अजून कळलेलं नाही. बेलाचं पान कुठं ठेवायचं तेही सुचेना, ते तसंच मुठीत घेऊन घरी आलो.

यंदा तिची पेरणी झाली नाही. शेतात कमरेएवढं गवत आहे आणि दिवाळीची वाट न बघता दोघं मुकादमाकडून पैशांची उचल घेऊन तोडीला निघायच्या बेतात आहेत. काल रस्त्यात भेटली तर म्हणाली, "बरं हाय का, मामा?" मी म्हणालो, बरं आहे. तिच्या शेताचं विचारायचं होतं, पण विचारता येत नाही. त्या विषयावर माझी साक्ष झालेली आहे.